जेल्सोलिन, पुनःसंयोजी मानवी

ॲक्टिनचे तंतू तोडणारे मानवी प्रथिन. त्याचे मानवी जनुक बहुधा ई. कोलाय जिवाणूत घालून ते प्रयोगशाळेत बनवतात. मूळ प्रथिनाचा शोध हेलन यिन आणि थॉमस स्टॉसेल यांनी अमेरिकेत सशाच्या फुप्फुसातील भक्षकपेशींवर काम करताना लावला. तो १९७९ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला.

पेशीच्या आत ॲक्टिनच्या तंतूंचे जाळे असते. पेशीचा आकार त्यावर टिकतो, आणि हे जाळे एका बाजूने मोडून दुसऱ्या बाजूने विणले गेले की पेशी सरकते. जाळे घट्ट असताना पेशीद्रव जेलसारखा असतो आणि ते तुटले की पातळ होतो. लागलेले दही घुसळल्यावर पातळ होते, त्याच्याशी हे जुळते, कारण दही हेही प्रथिनांचे जाळेच असते. जेल (घट्ट) आणि सोल (पातळ) या दोन अवस्थांवरूनच प्रथिनाला नाव मिळाले.

जेल्सोलिनचे सहा खंड असतात. कॅल्शियम नसताना ते एकमेकांना बिलगून बसतात आणि ॲक्टिनला पकडण्याच्या जागा झाकल्या जातात. कॅल्शियम आले की घडी उलगडते, प्रथिन तंतूला चिकटून तो तोडते आणि तुटलेल्या तुकड्याच्या वेगाने वाढणाऱ्या टोकावर टोपीसारखे बसून राहते. पेशीपटलातील पीआयपी-२ हा मेदरेणू ही टोपी काढतो, आणि मोकळ्या टोकांवर नवे तंतू वाढू लागतात. म्हणून जेल्सोलिनला केवळ तोडणारे प्रथिन म्हणणे अपुरे आहे; पुढच्या बांधणीची जागाही तेच तयार करते. हे जनुक काढून टाकलेले उंदीर जगतात, पण त्यांचे रक्त थांबायला जास्त वेळ लागतो आणि त्यांच्या तंतुजनक पेशी मंद सरकतात.

एकाच जनुकापासून दोन मुख्य रूपे बनतात. एक पेशीत राहते, दुसरे रक्तद्रवात स्रवते. रक्तातील रूपाला सुरुवातीला सुमारे २४ ॲमिनो आम्लांची जोड असते. जखम किंवा भाजण्याने पेशी फुटल्या की त्यांतले ॲक्टिन रक्तात सांडते आणि तिथे त्याचे चिवट तंतू बनतात. ते तोडण्याचे काम या रूपाकडे असते. गंभीर दुखापत, भाजणे आणि जंतुदोष यांत रक्तातील त्याचे प्रमाण घटते. बाहेरून प्रथिन देऊन ही तूट भरावी, या विचारातून पुनःसंयोजी रूपाला वैद्यकीय महत्त्व आले.

ते बनवताना एक बारकावा फार जपावा लागतो. रक्तातील रूपात १८८ आणि २०१ क्रमांकांच्या सिस्टिनांमध्ये गंधकाचा बंध असतो, पेशीतील रूपात तो नसतो. जिवाणूच्या अंतर्भागात असे बंध सहज बनत नाहीत, त्यामुळे प्रथिन शुद्ध केल्यावर तो बंध ऑक्सिडीकरणाने जोडून घ्यावा लागतो. तयार माल खरोखर काम करतो की नाही, हे पायरीनने खूण केलेल्या ॲक्टिनवर पाहतात. तंतूरूपातील असे ॲक्टिन जास्त चमकते. तंतू तुटून विरघळू लागले की चमक उतरते. प्रथिन नुसते शुद्ध असून भागत नाही, या चाचणीत उतरले तरच ते उपयोगाचे.

याच प्रथिनातला एक बिघाड घातक ठरतो. १८७व्या जागी ॲस्पार्टिक आम्लाऐवजी ॲस्पॅराजीन आले, तर दुसऱ्या खंडाची कॅल्शियमवरची पकड सुटते, फ्युरिन हे विकर प्रथिन चुकीच्या जागी कापते आणि तुकड्यांचे ॲमिलॉइड थर साचतात. फिनलंडचे नेत्रतज्ज्ञ यौको मेरेतोया यांनी १९६९ मध्ये वर्णन केलेला हा आनुवंशिक रोग बुबुळावरच्या जाळीपासून सुरू होतो आणि पुढे चेहऱ्याच्या नसा दुबळ्या होतात व त्वचा सैल पडते.

सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांचा चिकट कफ जेल्सोलिनने काचपात्रात पातळ होतो, हे १९९४ मध्ये दाखवले गेले. जंतुदोष झालेल्या उंदरांचे आयुष्य पुनःसंयोजी प्रथिनाने वाढल्याचे प्रयोगही आहेत. माणसांतले चित्र अजून तितके आशादायक नाही: कोविडच्या गंभीर रुग्णांवरील चाचणीत ते सुरक्षित आढळले, परंतु मुख्य निकषावर उपचार घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांत फरक दिसला नाही.