शॉकअपची कुळकथा

मुक्ताईनगर मागे टाकून महामार्गाने विदर्भात शिरले की मलकापूर लागते. जुना सहा नंबरचा आणि आताचा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग इथूनच नागपूरकडे जातो. नळगंगा आणि पूर्णेच्या खोऱ्यातली ही जमीन कापसाची, खोल काळ्या मातीची. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता दरवर्षी कुठे उचलला जातो, कुठे खचतो, आणि एकही खड्डा नसताना रस्त्याला लाटा येतात. लाटेवर गाडी एकदा उचलली जाणारच. ती पुढे लगेच स्थिर होते की बराच वेळ डुलत राहते, हे ज्या भागावर ठरते त्याला गॅरेजात शॉकअप म्हणतात. ही त्याची कुळकथा.

धक्का झेलण्याचे काम मुळात स्प्रिंगचे. चाक दगडावर चढले की स्प्रिंग दबते आणि ती ताकद पोटात साठवते. साठवलेले परत देणे हा तिचा स्वभाव, म्हणून ती सुटते, पुन्हा दबते, पुन्हा सुटते. साधारण मोटारीचा सांगाडा असा मोकळा सोडला तर सेकंदाला एक ते दीड वेळा वरखाली होतो. खालची चाके मात्र सेकंदाला दहा-पंधरा वेळा थडथडतात. ही दोन्ही आंदोलने मारणे हे शॉकअपचे काम. स्प्रिंगने परत दिलेली ताकद तो उष्णतेत बदलतो. खराब रस्त्यावरून लांब पल्ला मारून आलेल्या गाडीचा शॉकअप हाताला गरम लागतो. ती उष्णता म्हणजेच जिरवलेले हादरे.

बैलगाडीला शॉकअपची गरज पडली नाही, कारण तिला स्प्रिंगच नव्हती. साटी थेट आखावर, आणि आख लोखंडी धावेच्या लाकडी चाकांवर. जो धचका बसेल तो माणसाने आणि मालाने सोसायचा. १८०४ साली इंग्लंडमध्ये ओबाडाया इलियट याने एकावर एक पोलादी पाटे ठेवून बनवलेल्या लंबगोल स्प्रिंगचे पेटंट घेतले आणि घोडागाड्या हलक्या, आरामशीर झाल्या. आपल्याकडच्या बग्ग्यांना आणि टांग्यांना लागलेल्या कमानी त्याच वंशातल्या, आणि आजही मालट्रकच्या खाली तेच पाटे असतात.

पाट्यांच्या या जुडग्यात एक गुण आपोआप आला. स्प्रिंग दबते-सुटते तेव्हा पाटे एकमेकांवर घासतात, आणि त्या घासण्याने आंदोलन थोडे मरते. टांग्याच्या चालीला एवढे पुरले. मोटार आल्यावर ते पुरेना. वेग वाढला, हवेचे टायर आले, स्प्रिंगा मऊ झाल्या, आणि पाट्यांचे घर्षण तोकडे पडले. तेही भरवशाचे नव्हते: पाटे गंजले की स्प्रिंग आखडणार, ग्रीस भरले की सैल होणार. पुढे गुंडाळीची स्प्रिंग आली. तिच्यात घासायला काहीच नसते, म्हणून तिला सोबत शॉकअप अटळ झाला.

पहिला उपाय या घासण्याच्या गुणावरच उभा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये त्रुफो या कारागिराने शर्यतीच्या सायकलीसाठी घर्षणाचा डॅम्पर, म्हणजे आंदोलन मारणारा भाग, बनवला. एडवर्ड हार्टफर्ड या अमेरिकनाने तो मोटारीसाठी घेतला आणि त्रुफो-हार्टफर्ड या नावाने विकला. रचना अगदी सोपी: कात्रीसारखे दोन हात, सांध्यावर धातूच्या चकत्या, त्यांच्यामध्ये चामड्याच्या किंवा लाकडाच्या चकत्या, आणि सगळे आवळून धरणारा मधला एक नट. नट कसला की गाडी घट्ट, सैल केला की मऊ. शॉकअपचे ट्यूनिंग इथे जन्मले, आणि ते एका पान्याने होत होते. बुगाटी आणि बेंटलीच्या शर्यतीच्या गाड्यांवर हे डॅम्पर होते. १९३२च्या एमजी जे-२ या छोट्या स्पोर्ट्स कारवरही होते. लंडनच्या आंद्रे कंपनीने तर चालकाला बसल्या जागेवरून हा दाब कमीजास्त करता येईल अशी टेलिकंट्रोल नावाची सोय काढली.

पण घर्षणाचा स्वभाव उलटा आहे. स्थिर असताना ते सर्वांत जास्त अडवते. त्यामुळे बारीक खडीवर सांधा हलतच नाही, आणि स्प्रिंग असून नसल्यासारखी होते. मोठा उसळा आला की चकत्या एकदा सुटतात, आणि मग वेग कितीही असो, विरोध तेवढाच. हवे होते याच्या नेमके विरुद्ध: हळू हालचालीला वाट देणारे आणि झटक्याला अडवणारे.

तो गुण तेलात सापडला. नदीच्या पाण्यातून हात हळू फिरवला तर पाणी जाणवतही नाही, झटक्याने फिरवला तर तेच पाणी हात धरून ठेवते. बारीक छिद्रातून ढकललेल्या तेलाचा विरोध साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट, तर विरोध चौपट. मोरीस हुदाय या फ्रेंच माणसाने १९०८ आणि १९०९ मध्ये तेलाच्या फिरत्या डॅम्परची पेटंटे घेतली. तेलाने भरलेली डबी, तिच्यात फिरणारी पाती, आणि पात्यांना चाकाशी जोडणारा बाहेरचा हात. पहिल्या महायुद्धानंतर हा प्रकार पसरला, आणि १९२७च्या अखेरीस आलेल्या फोर्डच्या मॉडेल ए वर हुदायचे शॉकअप कारखान्यातूनच बसून येऊ लागले. श्रीमंतांच्या गाडीतली वस्तू सामान्यांच्या गाडीत आली.

याच काळात क्लीव्हलंडच्या क्लॉड फॉस्टर याची गॅब्रिएल कंपनी नावारूपाला आली. आधी तिने एक्झॉस्टच्या वायूवर वाजणारा भोंगा काढला, आणि मग स्नबर: स्प्रिंग सुटताना तिला मागे खेचणारा पट्टा. त्या कुळाची एक शाखा महाराष्ट्रात रुजली. १९६१ साली दीप आनंद यांनी गॅब्रिएल इंडियाची स्थापना केली आणि मुलुंडला शॉकअप बनू लागले. पुढे नाशिक आणि चाकणला कारखाने झाले. मराठवाड्यात वाळूजच्या एन्ड्युरन्सने दुचाकींचे शॉकअप मोठ्या प्रमाणावर बनवले. देशातल्या असंख्य गाड्यांचे हादरे महाराष्ट्रात बनलेल्या नळीत जिरतात, ही आपल्या राज्याच्या कारागिरीची मोठी गोष्ट आहे, आणि ती फार कमी सांगितली जाते.

आता जुन्या स्पोर्ट्स कारकडे येऊ, कारण शॉकअप उघडण्याची आणि जुळवण्याची विद्या तिथे सर्वांत चांगली टिकली. मुंबई-पुण्याच्या व्हिंटेज रॅलींमध्ये जुन्या एमजी दिसतात. एमजी-बी ही गाडी १९६२ ते १९८० अशी बनली, आणि शेवटपर्यंत तिला आर्मस्ट्राँग कंपनीचे हाताचे, म्हणजे लिव्हरचे शॉकअप होते. पुढच्या चाकांकडे तर हा हातच वरच्या विशबोनचे, म्हणजे चाक सांगाड्याशी जोडणाऱ्या वरच्या दुव्याचे, काम करतो. आत दंडगोलात दट्टे, खाली झडप, वर तेल भरायचे बूच. दट्टे क्वचितच झिजतात. झिजते ते हाताचा आडवा दांडा ज्यात फिरतो ते बूश. तिथे झोल पडला की दांडा सीलला घासतो, तेल पाझरते, आणि पुढच्या चाकाचा कोनही हलू लागतो. मग चालक स्टिअरिंगला दोष देतो, आणि रोग शॉकअपमध्ये असतो.

असा शॉकअप बांधायला घेतला की आधी तो व्हाइसमध्ये पकडून हात सावकाश पूर्ण फिरवायचा. सगळ्या फेरीत विरोध सारखा लागला पाहिजे. मध्येच हात मोकळा पडला तर तेल कमी आहे किंवा आत हवा शिरली आहे. झडप काढून जुने तेल पातेल्यात ओतले की ते बहुधा राखाडी निघते, आणि उन्हात धरले तर त्यात धातूची भुकटी चमकते. ती भुकटी म्हणजे मुख्यतः बुशाचे झिजलेले अंग. सगळे भाग धुऊन घ्यायचे, दांड्याचे भोक लेथवर सरळ करून नवे बूश बसवायचे, नवे सील घालायचे. तेल भरताना हात वरखाली करत राहायचे. बुडबुडे थांबेपर्यंत भरणे संपत नाही. इंजिनचे तेल इथे घालू नये. ते या कामासाठी बनलेले नसते, फेसाळते, आणि फेसाळलेले तेल म्हणजे छिद्रातून जाणारी हवा. शॉकअपचेच किंवा योग्य जाडीचे फोर्क ऑइलच घालावे.

१९३० च्या दशकापासून सरळ नळीचा, म्हणजे टेलिस्कोपिक शॉकअप पसरला. दट्टा नळीत वरखाली जातो, दट्ट्यावर पातळ पोलादी चकत्यांची झडप असते, आणि दांडा आत आला की तेवढे तेल बाहेरच्या दुसऱ्या नळीत सरकते. कुर्ल्याला बनणाऱ्या फियाट ११०० आणि पुढच्या प्रीमियर पद्मिनीच्या पिढ्यान्पिढ्या याच नळ्यांवर धावल्या. १८५७ साली घोडागाड्यांच्या सामानापासून सुरू झालेली नेदरलँड्सची कोनी कंपनी १९३२ मध्ये शॉकअपकडे वळली आणि पुढे जुळवता येणाऱ्या शॉकअपसाठी गाजली. तिचे जुन्या पद्धतीचे शॉकअप गाडीवरून काढून पूर्ण दाबायचे आणि फिरवायचे, की परतीचा विरोध वाढतो. १९५३ मध्ये फ्रान्सच्या द कार्बों याने एकाच नळीचा शॉकअप आणला. त्यात तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन यांच्यामध्ये तरंगता दट्टा असतो, म्हणून तेल फेसाळत नाही. बिल्स्टाइनने हे तंत्र १९५७ पासून मर्सिडीजसाठी वापरले.

या प्रगतीबरोबर बहुतेक शॉकअपची नळी कायमची बंद झाली. कारखान्यात कडा दाबून किंवा वेल्डिंगने सील केलेली नळी उघडायची नसते. गळली की बदलायची. उघडता येणारे शॉकअप उरले ते शर्यतीच्या आणि जुन्या गाड्यांकडे.

ट्यूनिंगचे गणित मात्र सगळ्यांना एकच. शॉकअपला दोन दिशा असतात: चाक वर येताना दबण्याची आणि खाली जाताना परतण्याची. जुन्या प्रवासी गाड्यांत परतीचा विरोध दबण्याच्या दोन-तीन पट ठेवत, कारण दबताना स्प्रिंग स्वतःच विरोध करते. परतीला तिला रोखणारे दुसरे कोणी नसते. स्पोर्ट्स कारला कडक स्प्रिंग घातली तर शॉकअपही वाढवावा लागतो, पण तेवढ्या पटीत नाही. स्प्रिंग दुप्पट कडक केली तर शॉकअपचा विरोध साधारण १.४ पट पुरतो, कारण तो स्प्रिंगच्या वर्गमुळाने वाढतो. हौशी माणूस इथेच चुकतो आणि नट शेवटपर्यंत आवळतो. मग स्प्रिंग एका उसळ्यातून पुरती परतण्याआधी दुसरा उसळा येतो, गाडी हळूहळू खाली बसत जाते, आणि चाक रस्त्याला टेकण्याऐवजी त्यावरून उड्या मारते. कडक गाडी म्हणजे चांगली पकड, ही समजूत सोडून द्यावी. पकड चाक जमिनीला टेकण्यात आहे. आधी टायरची हवा, रबरी बूश आणि सांधे ठीक करावेत. मग शॉकअप मऊ बाजूला ठेवून सुरुवात करावी, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्याच्या त्याच तुकड्यावर गाडी चालवावी.

मलकापुरात जुनी स्पोर्ट्स कार शोधून सापडणे कठीण. पण ही विद्या इथे रोज वापरली जाते. दुचाकींकडे पाहा: १९३५ मध्ये बीएमडब्ल्यूने आर-१२ मोटरसायकलला तेलाच्या डॅम्परचा टेलिस्कोपिक फोर्क लावला. आजच्या बहुतेक मोटरसायकलींचे पुढचे शॉकअप त्याचेच वंशज आहेत, आणि ते आजही उघडतात. दुचाकीचा मिस्त्री फोर्कचे पाय सोडवतो, काळे पडलेले तेल काढतो, पाइपावर नख फिरवून ओरखडा शोधतो, सील बदलतो आणि दोन्ही पायांत मापून सारखे तेल ओततो. व्हाइसमध्ये धरलेल्या एमजीच्या शॉकअपवर चालते तेच हे काम. रेल्वेकडे पाहा: १८६७ मध्ये नागपूरला पोचलेला लोहमार्ग मलकापुरातूनच जातो, आणि त्यावरून धावणाऱ्या आयसीएफ पद्धतीच्या डब्यांच्या आखांशी डॅशपॉट, म्हणजे तेलाचे डॅम्पर, असतात. नव्या एलएचबी डब्यांना आडवे-उभे हायड्रॉलिक डॅम्पर आहेत. स्टेशनात उभ्या गाडीखाली वाकून पाहिले तर ते दिसतात.

म्हणून वाचकांना एवढेच सांगणे. मोटारीचा कोपरा जोराने दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली नाही, तर शॉकअप संपला आहे. तो नेहमी जोडीने बदला, कारण एक नवा आणि एक जुना म्हणजे ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढणार. वायू भरलेली नळी कापू नका, तापवू नका. दुचाकीचे फोर्क ऑइल कंपनीने सांगितलेल्या अंतरावर, गळती सुरू होण्याची वाट न पाहता बदलून घ्या. आणि तुमच्याकडे वडिलोपार्जित जुनी गाडी असेल, तर तिचे उघडणारे शॉकअप भंगारात देऊ नका. ते बांधू शकणारा लेथवाला आणि मिस्त्री शोधा, त्याला पुरा वेळ आणि रास्त मजुरी द्या. गिऱ्हाईक टिकले तरच ही विद्या टिकेल.