तोतया आणि पहारेकरी

भिलाईचा जन्मच मुळी दरवाजावरच्या ओळखीतून झाला आहे, असे म्हटले तर फारसे वावगे होणार नाही. सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि भारताच्या चारही दिशांकडून माणसे या माळरानावर आली. त्यांत नागपूर-विदर्भाकडची मराठी कुटुंबेही होती. जिथे कोणीच कोणाच्या गावचे नाही, तिथे चेहऱ्यावर विसंबून भागत नाही. पहारेकऱ्याला काही तरी खूण दाखवावी लागते.

योगायोग असा की, याच सुमारास अमेरिकेत संगणकाच्या दारावरही पहारेकरी उभा राहत होता. १९६१ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठात फर्नांडो कॉर्बातो यांच्या मार्गदर्शनाखाली एकच संगणक अनेकांनी वाटून वापरण्याची व्यवस्था झाली आणि प्रत्येकाचे काम वेगळे राहावे म्हणून ज्याला त्याला परवलीचा शब्द मिळाला. पुढच्याच वर्षी ॲलन शेर नावाच्या संशोधकाने, आपल्या वाट्याचा वेळ अपुरा पडतो म्हणून, सर्वांचे शब्द असलेली यादीच छापून घेतली! कुलपाच्या इतिहासात चोरी अशी पहिल्या पानापासूनच आहे.

त्या वेळी माणसाला एक शब्द पुरे होता. आज पेन्शन, बँक, वीज, गॅस, रेल्वे, प्रत्येकाचा शब्द निराळा. आणि तो लांबलचक व दुर्बोध असावा असा आग्रह. साहजिकच हे शब्द सांभाळणारा कारभारी निघाला. ब्रूस श्नायर यांनी १९९७ मध्ये अशी एक तिजोरी तयार केली होती. पुढे हा कारभारी ब्राउझरमध्येच एक्स्टेन्शन होऊन बसला, आणि पान उघडले की नाव व शब्द आपणहून भरू लागला.

माझ्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांच्या मुलीने त्यांना हा कारभारी बसवून दिला होता. एका सकाळी बँकेच्या नावाने संदेश आला. खाते बंद पडेल, ताबडतोब तपशील भरा. पान उघडले, चिन्ह तेच, रंग तेच, अक्षरांचे वळणही तेच. कारभारी मात्र गप्प. गृहस्थांनी कपाळाला आठी घातली, तिजोरी स्वतः उघडली, शब्द उचलला आणि हाताने त्या पानावर ठेवला. मागोमाग मोबाइलवर आलेले अंकही दिले. दुपारपर्यंत आयुष्यभराच्या बचतीतला मोठा भाग निघून गेला होता.

मराठी माणसाला ही कथा अपरिचित वाटू नये. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण ते खरोखर गेले काय, ही शंका पुण्यात वर्षानुवर्षे रेंगाळली. पार्वतीबाईंनी तर १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत सौभाग्यचिन्हे उतरवली नाहीत. या आशेच्या आधाराने तोतया उभा राहिला. चौकशी होऊन तो कैदेत पडला होता. तरीही १७७६ मध्ये रत्नागिरीच्या बंदीतून बाहेर येताच कोकणातले किल्ले त्याच्या हाती जाऊ लागले. अखेर तो पकडला गेला आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. तट शाबूत होते, दारे भक्कम होती. फसली ती ओळखणाऱ्यांची नजर. चेहरा जुळला, की माणूस बाकीचे प्रश्न विचारायचे विसरतो.

एक्स्टेन्शनला चेहरा दिसतच नाही. ते चिन्ह पाहत नाही, रंग पाहत नाही. शब्द ज्या पत्त्यासाठी जपून ठेवला, तोच पत्ता या पानाचा आहे काय, एवढेच पाहते. एका अक्षराचा फरक असला तरी ते हात आखडते. म्हणजे त्या सकाळी घरात शहाणे असे ते एकटेच होते.

मग शेजाऱ्यांनी त्याचे का ऐकले नाही? दोष त्यांच्या भोळेपणावर ढकलणे सोपे आहे. मला तो न्याय वाटत नाही. हा कारभारी खऱ्या पानांवरही वारंवार गप्प बसतो. कुठे नाव एका पानावर आणि शब्द दुसऱ्या पानावर मागतात. कुठे शब्दाची चौकट पानाच्या आत दुसऱ्याच पत्त्यावरून आणलेली असते. कुठे पडद्यावरच कळफलक मांडून एकेक अक्षर टिपायला लावतात, तर कुठे बाहेरून शब्द आणून चिकटवण्यासच बंदी. काही वेळा ब्राउझर स्वतःची खिडकी उघडून शब्द विचारतो. पानावर वावरणाऱ्या एक्स्टेन्शनचा तिथे बहुधा शिरकाव नसतो. अशा दहा ठिकाणी कारण नसताना अडलेला नोकर अकराव्या ठिकाणी कारणाने अडला, हे मालकाला कसे कळावे? सुरक्षिततेच्या नावाखाली अशी पाने रचणाऱ्यांनी लोकांना पहारेकऱ्याकडे दुर्लक्ष करायला शिकवले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. न विचारता भरणारा कारभारी अति उत्साहीही ठरतो. २०१४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की, वाटेतले जाळे शत्रूच्या ताब्यात असेल, तर अदृश्य चौकटींत असे शब्द आपोआप भरवून घेता येतात. २०१७ मध्ये प्रिन्स्टनच्या अभ्यासकांना आढळले, की काही पानांवरच्या पाळत ठेवणाऱ्या आज्ञावली लपवलेल्या चौकटी मांडून ब्राउझरने भरलेला ईमेलचा पत्ता टिपून घेत होत्या. म्हणून मालकाने बोट लावल्याखेरीज काही भरू नये, ही मांडणी बरी.

शेजाऱ्यांनी तक्रार नोंदवली. थोडी रक्कम परत आली. नोव्हेंबरात हयातीचा दाखला भरायला ते माझ्याकडे आले. पान उघडले, कारभारी गप्पच होता. या वेळी त्यांनी कळफलकावरचा हात मागे घेतला, चष्मा पुसला आणि वरच्या ओळीतला पत्ता एकेक अक्षर मोठ्याने वाचायला सुरुवात केली.