मेजर एक, मायनर समाजशास्त्र: एका जोडीची शंभर वर्षांची गोष्ट

एसटीत, अभ्यासिकेत, नाहीतर रानात पाणी देता देता इयरफोन लावून ऐकणाऱ्या सगळ्यांचं स्वागत. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी अवतार.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून बी.ए.च्या फॉर्मवर मेजर आणि मायनर असे रकाने आलेत. बऱ्याच जणांचा प्रश्न एकच: "ताई, मेजर इतिहास, अर्थशास्त्र नाहीतर राज्यशास्त्र घेतलं, तर जोडीला समाजशास्त्र घेऊ का? त्याचा उपयोग काय?"

मी मुरुडची. लातूर-बार्शी रस्त्यावरचं आमचं गाव. लातूर पॅटर्नच्या सावलीत वाढलेल्या पोरांना माहितीय, इथं दहावीनंतर दोनच रस्ते दाखवतात, डॉक्टर नाहीतर इंजिनिअर. मी आर्ट्सला गेले आणि इतिहासाच्या जोडीला समाजशास्त्र घेतलं, तेव्हा आमचे चुलते म्हणाले, "हे घेऊन काय करायलीस गं? सोपं हाय म्हणून घेतलीस का?" उत्तर द्यायला मला एक पॉडकास्ट काढावा लागला. तर काका, ऐका.

पहिली गोष्ट. आपल्याकडं समाजशास्त्र जन्मापासूनच जोडीचा विषय आहे. मुंबई विद्यापीठात हा विभाग सुरू झाला १९१९ साली. तो सुरू करणारे पॅट्रिक गेडिस मुळात जीवशास्त्राचे, आणि नाव कमावलं नगररचनेत. त्यांनी ज्याला पुढं आणलं तो तरुण होता मालवणचा गोविंद सदाशिव घुर्ये, संस्कृतचा एम.ए.! घुर्ये केंब्रिजला गेले, पीएच.डी. करून परतले आणि १९२४ मध्ये मुंबईच्या विभागाचे प्रमुख झाले. १९३२ साली आलेलं त्यांचं जात आणि वंश यांवरचं इंग्रजी पुस्तक आजही अभ्यासक्रमात असतं. संस्कृत येत असल्यामुळं ते धर्मशास्त्राचे ग्रंथ मुळातून वाचू शकत होते.

त्यांच्या हाताखाली शिकल्या इरावती कर्वे. बी.ए. फर्ग्युसनमधून, विषय तत्त्वज्ञान. एम.ए. समाजशास्त्रात. मग बर्लिनला जाऊन मानवशास्त्रात पीएच.डी. 'युगान्त' आपल्याला माहीत असतं, पण याच बाईंनी कोयना धरणानं उठवलेल्या लोकांची पाहणी केली, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. धरणाची उंची इंजिनिअर सांगतो. उठलेल्या गावातली भावकी कुठं गेली, सोयरिकी कशा जुळतात, हे विचारायला दुसरा विषय लागतो.

आता या जोडीचं सगळ्यात मोठं उदाहरण. डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

१९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. मुख्य विषय अर्थशास्त्र. पण नोंदी बघितल्या तर अर्थशास्त्राच्या २९ अभ्यासक्रमांसोबत इतिहासाचे ११ आणि समाजशास्त्राचे ६ दिसतात. तत्त्वज्ञान आणि मानवशास्त्र वेगळंच. आजच्या भाषेत मेजर एक आणि मायनर चार. १९१५ मध्ये एम.ए. झालं. आणि ९ मे १९१६ ला, वयाच्या पंचविशीत, त्यांनी गोल्डनवायझर या मानवशास्त्रज्ञांच्या चर्चासत्रात जातींवरचा निबंध वाचला.

त्यात काय होतं? थोडक्यात सांगते. त्यांच्या आधीचे अभ्यासक जातीची लक्षणं मोजत होते: धंदा, शिवाशिव, रोटीव्यवहार. त्यांत ज्ञानकोशकार केतकरही होते, ज्यांचं जातिसंस्थेवरचं इंग्रजी पुस्तक १९०९ साली आलं होतं. आंबेडकरांनी केतकरांचा मान राखला, पण बोट एकाच गोष्टीवर ठेवलं: जातीतल्या जातीत लग्न. ही जातीची खरी किल्ली.

पुढचा युक्तिवाद हिशोबाच्या वहीसारखा आहे. लग्नं जातीतच लावायची, तर जातीत बाई आणि पुरुष यांची संख्या जुळली पाहिजे. नवरा मेला की एक बाई 'जादा' होते, बायको मेली की एक पुरुष. जादा बाईचं काय करायचं? सती, नाहीतर सक्तीचं वैधव्य. जादा पुरुषाला बायको कुठून आणायची? लग्नाच्या वयाच्याही खालून, म्हणजे बालविवाह. या सगळ्या रूढींना आपण 'परंपरा' म्हणतो. त्यांनी दाखवलं की ही जातीचं कुंपण टिकवायची यंत्रणा आहे. आणि ही यंत्रणा वरच्यांकडून खाली पसरली कशी, हे सांगायला त्यांनी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गाब्रिएल तार्द यांची अनुकरणाची कल्पना वापरली.

मला विचाराल तर जादा आणि तूट असा विचार करायची सवय अर्थशास्त्राची. प्रश्न समाजशास्त्राचा. दोन्ही एका डोक्यात होते म्हणून हा निबंध झाला.

उलटंही बघा. १९१८ साली त्यांनी लहान शेतजमिनींवर लेख लिहिला. तेव्हा चर्चा होती की तुकडे एकत्र करा, शेत मोठं करा, प्रश्न सुटला. आंबेडकर म्हणाले, शेत लहान की मोठं हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. भांडवल आणि अवजारं किती आहेत त्यावर ठरतं. शिवाय जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसं अडकलीत. त्यांना काम देणारे उद्योग आले, तर शेतीचं दुखणंही कमी होईल. मुरुडच्या कुठल्याही घरात वाटणीचा विषय निघाला की मला हा लेख आठवतो. दोन एकरात तीन भाऊ. यात किती भाग पैशाचा आणि किती भाग भावकीचा, सांगा बरं?

आता आपल्या भागाकडं येऊ. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. विद्यापीठ एकच, हैदराबादचं उस्मानिया, शिक्षण उर्दूतून. याच उस्मानियाच्या श्यामाचरण दुबे यांनी १९५१-५२ मध्ये हैदराबादजवळच्या शामीरपेठ गावाचा अभ्यास केला. सोबत शेती, वैद्यक, पशुवैद्यक अशा वेगवेगळ्या शाखांची माणसं होती. १९५५ ला पुस्तक आलं आणि शामीरपेठ जगभरच्या समाजशास्त्राच्या वर्गात पोचलं. आमचं मुरुडही तेव्हा त्याच हैदराबाद राज्यात होतं!

मराठवाड्यात कॉलेजं उभी राहायला लागली १९५० च्या सुमाराला: औरंगाबादला बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं, नांदेडला पीपल्स कॉलेज. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ झालं. त्याला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला, आणि गावोगावी दलितांची घरं जळली. नाव प्रत्यक्ष लागलं १४ जानेवारी १९९४ ला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचं आपलं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ वेगळं झालं.

या तारखा इतिहासाच्या पेपरात पाठ करून चार मार्क मिळतात. पण ठराव मुंबईत झाला आणि घर गावात का जळलं? नावाचा राग होता, की शिकलेल्या पोराचा, की मजुरी मागणाऱ्या हाताचा? हे विचारल्याशिवाय इतिहास अर्धा राहतो. आणि तारखा, ठराव, पुरावे सोडून नुसतं 'समाज असाच असतो' म्हणालो, तर समाजशास्त्रही अर्धंच.

शेवटचं उदाहरण अगदी घरचं. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. हजारो माणसं गेली, बावन्न गावं नव्या जागी वसवली. नव्या घरांचं माप ठरलं जमिनीवर. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना २५० चौरस फूट, त्याच्यावर सात हेक्टरपर्यंत ४००, आणि सात हेक्टरच्या वर ७५०. सरकारच्या हिशोबानं हे सरळ आहे: ज्याचं जास्त गेलं त्याला जास्त. पण थांबून बघा. सगळी घरं एका रात्रीत सपाट झाली होती. नवं गाव कोऱ्या कागदावर आखायचं होतं, आणि त्या कागदावरही जुन्या गावाची उतरंड सिमेंटमध्ये उभी राहिली. हे इंजिनिअरच्या नकाशात चूक म्हणून दिसत नाही. दिसायला दुसरा चष्मा लागतो.

म्हणून काका, उत्तर असं. समाजशास्त्र सोपं आहे म्हणून नाही घेतलं. पेपर सोपा जाईल कदाचित, पण गावात राहून तो विषय डोक्यात ठेवणं अवघड जातं. लग्नाची पत्रिका, वाटणीचा कागद, नळाला पाणी आधी कुठल्या गल्लीत सुटतं, सगळीकडं प्रश्न दिसायला लागतात. काही प्रश्न तर आपल्याच घराला विचारावे लागतात.

फॉर्म भरणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं. मेजर आवडीनं घ्या. मायनरला समाजशास्त्र घेतलं तर गाईडवर भागवू नका. पहिल्याच सेमिस्टरला आपल्या गल्लीतल्या दहा घरांत जा आणि विचारा: आजीचं लग्न कितव्या वर्षी झालं, आईचं कितव्या वर्षी, ताईचं कितव्या वर्षी? वहीत लिहा. मग १९१६ चा तो निबंध वाचा. मराठीतही मिळतो.

आकडे आले की मला पाठवा, नावं गाळून. पुढच्या भागात तेच घेऊन बसू. भेटू!