नांगर आणि कागद

हैदराबादला गेलो की माझा मुक्काम हिमायतनगरात ताईकडे असतो. ताई म्हणजे माझी थोरली मावसबहीण. लग्न होऊन ती फोंड्याहून तिकडे गेली, त्याला चाळीस वर्षे होऊन गेली. घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि रिक्षावाल्याशी दख्खनी उर्दू अशा तिन्ही भाषा ती सारख्याच ठसक्यात बोलते. जवळच नारायणगुड्यात केशवराव कोरटकरांच्या नावाची शाळा आहे. तिचा मुलगा तिथेच शिकला आणि पुढे अमेरिकेला गेला.

मागच्या खेपेस हा भाचा सुटीवर आला होता. तो आयोवा राज्यात नोकरीला आहे. त्याची घरमालकीण एका जुन्या शेतकरी घराण्यातली आजी. तिने आपल्या पणजोबांची सगळी हकिगत पुस्तकरूपाने छापून घेतली आहे. बैलांच्या गाडीतून ते कुठून आले, पहिली झोपडी कुठे बांधली, किती मुले झाली, किती वाचली, जमिनीचा कागद कोणत्या साली हाती आला, सगळे त्यात आहे. ते पुस्तक दाखवून भाचा मला म्हणाला, "मामा, आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या घराण्याचा असा इतिहास कोणी लिहून ठेवलाय का हो?"

मी उस्मानिया बिस्किट चहात बुडवून धरले होते, ते विचारात तसेच राहिले आणि तुटून कपात पडले. मग म्हटले, "एक आहे. पण आधी तुझ्याच मुलखातला एक शेतकरी बघू, म्हणजे आपला नीट कळेल." त्या संध्याकाळी जे बोलणे झाले, तेच इथे जरा सविस्तर मांडतो.

तो अमेरिकन शेतकरी म्हणजे थॉमस लिंकन. जन्म १७७८ चा. १७८६ साली केंटकीत शेतात काम करत असताना मूळच्या रहिवाशांच्या हल्ल्यात त्याचे वडील मारले गेले. वारसाहक्काच्या तेव्हाच्या रीतीप्रमाणे जमीन थोरल्या मॉर्डेकायकडे गेली आणि धाकटा थॉमस दुसऱ्यांच्या शेतावर राबत वाढला. पुढे त्याने सुतारकी केली, पैसे साठवले आणि एकामागून एक तीन ठिकाणी जमिनी घेतल्या. पण केंटकीत मोजणीचा सगळा गोंधळ होता. एकाच तुकड्यावर दोघा-तिघांचे दावे असत. थॉमसला स्वतःची सही कशीबशी करता येई, कोर्टकचेरी त्याला कुठून झेपणार? अखेर १८१६ साली तो बायकोमुलांना घेऊन ओहायो नदीपलीकडे इंडियानात गेला. तिथली जमीन सरकारने मोजलेली होती आणि तिचा कागद पक्का होता.

दोन वर्षांनी बायको गेली. धाकटा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. रान तोडायला हात हवे होते, त्यामुळे त्या मुलाची शाळा सगळी मिळून वर्षभराचीही भरली नाही. १८३० साली हे बिऱ्हाड पुन्हा हलले, ते इलिनॉयला. थॉमस तिथेच १८५१ साली वारला. त्या मुलाचे नाव अब्राहम. केंटकी सोडण्यामागे गुलामगिरीविषयीची नावड थोडीफार होती, पण मुख्य कारण जमिनीच्या हक्कांचा घोळ हेच होते, असे त्याने स्वतः पुढे नमूद केले आहे. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १८६२ साली त्याने ज्या कायद्यावर सही केली, त्या कायद्याने पाच वर्षे जमीन कसून तिथे राहणाऱ्याला किरकोळ फी भरून १६० एकर मिळू लागले. भाच्याच्या मध्य-पश्चिमेतल्या कितीतरी घराण्यांची सुरुवात या कागदाने झाली. ती जमीन ज्यांच्याकडून घेतली, त्या मूळच्या लोकांच्या हाती मात्र असा कागद नव्हता. हेही त्याच गोष्टीचे दुसरे अंग.

आता आपल्याकडे येऊ. सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात कटगुण नावाचे गाव आहे. तिथले गोऱ्हे आडनावाचे माळी कुटुंब. मूळ पुरुषाकडे चौगुल्याचे काम होते. गावच्या कुलकर्ण्याशी त्याचे हाडवैर झाले आणि त्यापायी गाव सोडून त्याला पुरंदराजवळ खानवडीला यावे लागले, असे चरित्रकार सांगतात. कुलकर्णी म्हणजे गावचे दप्तर ज्याच्या हाती तो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

खानवडीला शेटीबा झाला. त्याला दारिद्र्याने गाठले, तेव्हा तो पुण्याला आला. त्याला तीन मुलगे, राणोजी, कृष्णा आणि गोविंद. पुण्यात एका फुलमाळ्याने त्यांना हाताशी धरले, कसब शिकवले. फुलांच्या कामाची त्यांची कीर्ती थेट पेशव्यांच्या वाड्यापर्यंत गेली आणि ३५ एकर जमीन इनाम मिळाली. गोऱ्ह्यांचे फुले झाले ते या धंद्यामुळे. पण ती इनाम जमीन थोरल्या राणोजीने आपल्याकडे घेतली आणि धाकट्यांच्या हाती काही राहिले नाही. धाकट्या गोविंदरावाने मग फुलांचे नि भाजीपाल्याचे दुकान चालवले, मळा केला. थॉमस लिंकन आणि गोविंदराव फुले यांना एकमेकांचा देशसुद्धा धड ठाऊक नसेल. पण धाकट्या भावाचे दुःख दोघांचे एकच.

गोविंदरावांची बायको चिमणाबाई, धनकवडीच्या झगडे पाटलांची लेक. ११ एप्रिल १८२७ ला जोतिराव जन्मले आणि वर्षाच्या आतच त्यांची आई गेली. सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना वाढवले. थोडेसे शिक्षण झाल्यावर वडिलांनी शाळा बंद करून मुलाला मळ्यात घातले. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली नसती, तर १८४१ साली तो पोरगा मिशनच्या शाळेत गेलाच नसता.

जोतिराव फुले म्हटले की आपल्याला १८४८ ची मुलींची शाळा आठवते, सावित्रीबाई आठवतात, १८७३ चा सत्यशोधक समाज आठवतो. ते योग्यच आहे. पण या माणसाचा पोटापाण्याचा उद्योग काय होता, हे आपण फारसे विचारत नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी आणि शेतकरी अशी करून दिली आहे. खडकवासल्याच्या धरणाच्या बांधकामाला त्यांनी माल पुरवला. त्या धरणातून मुठेचा उजवा कालवा निघाला, तो हडपसर-मांजरीकडून पुढे गेला. पाटाचे पाणी म्हणजे नवीन प्रकरण. शेतकरी ते घ्यायला बिचकत. जोतिरावांनी मांजरीला सुमारे ६० एकर जमीन केली आणि पाटाच्या पाण्यावर शेती करून दाखवली. नव्या मुलखात पहिला नांगर घालणारा तो पायोनियर, तर नव्या पाण्यावर पहिली शेती करणाऱ्यालाही दुसरे काय म्हणणार?

या दोन गोष्टींचा धागा निव्वळ योगायोगाचा नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच भाव कोसळले. डोक्यावर वाढीव सारा आणि सावकाराचे कर्ज तेवढे राहिले. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारी शेतकरी उठले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हा उठाव पसरला. त्यांनी मागितले काय आणि जाळले काय? सावकाराकडची कर्जखते आणि वह्या. आपल्याला वाचता न येणाऱ्या कागदानेच जमीन जाते, हे त्या अडाण्यांना बरोबर उमगले होते. त्याच अमेरिकेतल्या लोकांनी गुलामगिरी मोडली म्हणून जोतिरावांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांना अर्पण केले होते.

पाठोपाठ दुष्काळ आला. १८७७ साली जोतिरावांनी पोरक्या पोरांसाठी अन्नछत्र काढले ते धनकवडीला, म्हणजे आपल्या आजोळी. मग १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' पुरा झाला. यातली पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधू'त आली आणि पुढची छापायला लोखंडे कचरले. त्या पुस्तकातला राग सर्वांना माहीत आहे, पण त्यातली शेतकी फार थोडे जण वाचतात. डोंगरउतारावर ताली-बंधारे घालून पाणी जमिनीत मुरवा, रिकाम्या बसलेल्या लष्कर-पोलिसांकडून ती कामे करून घ्या, जमिनीखालचे पाणी शोधा, पाटाचे पाणी प्रत्येक शेताला तोटीने मोजून द्या, जनावरांची चांगली पैदास करा, शेतीची प्रदर्शने भरवा. ज्याने सारा भरला आहे आणि पाळीच्या पाण्याची वाट बघत बांधावर रात्र काढली आहे, त्यालाच हे सुचते. हंटर आयोगापुढेही त्यांचे मागणे हेच होते. रयतेच्या घामाच्या पैशाने वरच्यांची कॉलेजे चालवू नका, प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातला, नांगर धरायची लाज न वाटणारा असू द्या.

२ मार्च १८८८ ला पुण्यात राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट यांना मेजवानी होती. जोतिराव तिथे गेले ते शेतकऱ्याच्या वेषात. त्यात नाटक नव्हते. कटगुणहून निघालेल्या त्या घराण्याची ती खरीच ओळख होती.

कागदाचे मोल जाणणाऱ्या या माणसाने १८८७ साली रीतसर मृत्युपत्र करून दत्तक मुलगा यशवंत याला वारस केले. १८८८ साली पक्षाघाताचा झटका आला आणि २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई गेल्या. डॉक्टर झालेला यशवंतही पुढे गेला आणि त्याच्या मागे राहिलेल्या बायकोला घर विकावे लागले. चार पिढ्यांत जमीन मिळाली, गेली, पुन्हा घेतली, पुन्हा गेली. उरले ते लिहिलेले.

हे ऐकून भाचा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण मामा, ते पुण्याचे. आपल्या गोव्याचे काय?"

गोव्यात गावकाराच्या नावाच्या नोंदी गावकरीच्या दप्तरात पिढ्यान् पिढ्या आहेत. त्याला जोण मिळायची, देवळातला मान मिळायचा. भाटकाराची कागदपत्रे पोर्तुगीज लिपिकाच्या सुरेख अक्षरात जपून ठेवलेली आहेत. पण खाजनाचे बांध ज्यांनी चिखलात उभे राहून बांधले, कुळागराला ज्यांनी पाणी लावले, त्या कुळांची नि मुंडकारांची वंशावळ कुठल्या दप्तरात शोधायची? त्यांचे नाव कागदावर यायला १९६१ ची मुक्ती, १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकार कायदा आणि १९७६ ची कसेल त्याची जमीन करणारी दुरुस्ती इतके सगळे व्हावे लागले. त्यातले कितीतरी दावे लोक आजही मामलेदाराच्या कचेरीत लढत आहेत. दुसरीकडे, ज्यांना कागद मिळाला त्यांच्यापैकी अनेकांची शेते पडीक आहेत. पोरे बोटीवर किंवा परदेशी आहेत.

ताई इतका वेळ दारात उभी राहून ऐकत होती. ती आत गेली आणि लोखंडी पेटीतून घडी पडलेला एक कागद घेऊन आली. एक-चौदाचा उतारा. कुळाच्या रकान्यात तिच्या वडिलांचे, म्हणजे माझ्या मावसाजींचे नाव. खालच्या शेताचा तो तुकडा मला चांगला आठवतो. लहानपणी तिथल्या मळणीला मी गेलो आहे. मावसाजींना वाचता येत नव्हते. पण हा कागद आला त्या दिवशी त्यांनी तो देवाजवळ ठेवला होता, असे ताई म्हणाली.

भाच्याने त्याचा फोटो काढून घेतला आणि एक कोरी वही मागितली. पहिल्या पानावर आजोबांचे नाव लिहिले, त्याखाली गावाचे. मग आईला विचारले, "आजोबांचे वडील कुठून आले होते गं?"

ताईला तेवढे ठाऊक होते. ती सांगत गेली आणि तो लिहीत गेला.