दूरनियंत्रित मोटारगाड्या : विजोड बॅटऱ्या एकत्र का वापरू नयेत?

दूरनियंत्रकावर धावणाऱ्या छोट्या मोटारगाडीत क्षमता, प्रकार किंवा वय यांत भिन्न असलेल्या दोन बॅटऱ्या एकत्र जोडल्या, तरी गाडी प्रारंभी सुरळीत चालते. मात्र त्यांपैकी दुर्बळ बॅटरी थोड्याच दिवसांत निकामी होते. बॅटरी लिथियमयुक्त असल्यास ती फुगण्याचा, प्रसंगी पेट घेण्याचाही धोका संभवतो.

जोडीतील एक बॅटरी बिघडली की हा प्रश्न उभा राहतो. दुसरी चांगली असताना दोन्ही नव्या का घ्याव्यात, असा विचार कोणत्याही घरात होणे स्वाभाविक आहे. छत्तीसगडमधील भिलाई येथे पोलाद कारखान्याच्या परिसरात वसलेल्या खुर्सीपारसारख्या कामगारवस्तीत तर मुलाच्या खेळण्यावर दुसऱ्यांदा होणारा खर्च हा हिशेबाचाच विषय असतो. परंतु एका बॅटरीचे वाचवलेले पैसे बहुधा दुसऱ्या बॅटरीच्या नुकसानीत जातात. त्यामागील कारणे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

बॅटरीवरील आकड्यांचा अर्थ

बॅटरी ही अनेक घटांची मालिका असते. निकेल-कॅडमियम व निकेल-मेटल हायड्राइड या प्रकारांत प्रत्येक घटाचे विभवांतर १.२ व्होल्ट असते. त्यामुळे सहा घटांच्या बॅटरीवर ७.२ व्होल्ट असे छापलेले आढळते. लिथियम-पॉलिमर प्रकारात एका घटाचे विभवांतर ३.७ व्होल्ट असते, म्हणून दोन घटांची बॅटरी ७.४ व्होल्टची होते. ती पूर्ण भरली असता ८.४ व्होल्ट दाखवते. प्रत्येक घट ३ व्होल्टच्या खाली गेल्यास त्याला कायमची इजा पोहोचू शकते.

दुसरा आकडा क्षमतेचा असतो. ३००० मिलिअँपिअर-तास क्षमतेची बॅटरी ३ अँपिअर विद्युतधारा सुमारे एक तास पुरवू शकते. तिसरी बाब बॅटरीवर छापलेली नसते. ती म्हणजे अंतर्गत रोध. वापर आणि वय वाढेल तसा हा रोध वाढत जातो. त्यामुळे एकाच कंपनीच्या, एकाच आकड्याच्या जुन्या व नव्या बॅटऱ्याही प्रत्यक्षात सारख्या राहत नाहीत.

एकसर जोडणीतील धोका

काही मोठ्या दूरनियंत्रित गाड्यांत दोन बॅटऱ्यांसाठी दोन स्वतंत्र कप्पे असतात. अमेरिकेतील ट्रॅक्सस कंपनीची एक्स-मॅक्स ही त्यांपैकी एक होय. तिच्यात दोन बॅटऱ्या एकसर जोडल्या जातात. अशा जोडणीत विभवांतरांची बेरीज होते आणि दोन्ही बॅटऱ्यांतून एकच विद्युतधारा वाहते. धोक्याचे मूळ याच गुणधर्मात आहे.

उदाहरणार्थ, ३००० आणि ५००० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडल्या आणि गाडीने सरासरी २० अँपिअर धारा घेतली, असे समजू. लहान बॅटरी ९ मिनिटांत रिकामी होईल, तर मोठी १५ मिनिटे चालू शकेल. नवव्या मिनिटानंतरही मोठी बॅटरी धारा ढकलत राहते आणि ती धारा रिकाम्या बॅटरीतून जाते. निकेलयुक्त बॅटरीत अशा वेळी दुर्बळ घटाची धन-ऋण दिशा उलटते, आत वायू तयार होतो आणि दाब वाढतो. लिथियमयुक्त बॅटरीत घट मर्यादेपेक्षा खाली खेचले जातात.

गाडीतील वेगनियंत्रक वेळीच प्रवाह थांबवील, अशी अपेक्षा असते. तथापि अनेक वेगनियंत्रक केवळ एकूण विभवांतर मोजतात. दोन घटांच्या दोन लिथियम बॅटऱ्या एकसर असतील, तर एकूण चार घट होतात. प्रत्येक घटाला ३.२ व्होल्ट या हिशेबाने १२.८ व्होल्टवर प्रवाह थांबतो. पण त्या क्षणी सशक्त बॅटरी ७.४ व्होल्टवर असेल, तर दुर्बळ बॅटरीच्या वाट्याला फक्त ५.४ व्होल्ट उरतात. म्हणजे तिचा प्रत्येक घट २.७ व्होल्टपर्यंत उतरलेला असतो. बेरीज सुरक्षित दिसते, पण एक बॅटरी आधीच जायबंदी झालेली असते.

निकेलयुक्त व लिथियमयुक्त बॅटरी एकत्र जोडणे तर सर्वथा अयोग्य होय. दोहोंची किमान मर्यादा वेगळी आणि चार्ज करण्याची पद्धतही वेगळी. वेगनियंत्रकाला एका वेळी एकच मर्यादा पाळता येते.

समांतर जोडणीचे गणित

गाडी अधिक वेळ चालावी म्हणून काही जण बॅटऱ्या समांतर जोडतात. या जोडणीत विभवांतर तेवढेच राहते आणि क्षमतांची बेरीज होते. येथे क्षमतेतील फरक त्या मानाने कमी घातक ठरतो. प्रकार एकच, घटांची संख्या समान आणि जोडण्याच्या क्षणी विभवांतर सारखे असेल, तर मोठी बॅटरी साधारणतः धारेचा अधिक वाटा उचलते आणि दोन्ही जवळपास बरोबरीने रिकाम्या होतात.

विभवांतर भिन्न असल्यास मात्र स्थिती पालटते. ८.४ व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी ७.४ व्होल्टच्या अर्धवट रिकाम्या बॅटरीला समांतर जोडली, तर फरक एका व्होल्टचा असतो. बॅटऱ्या व तारा यांचा मिळून रोध ०.०२ ओहम असेल, तर त्या क्षणी ५० अँपिअर धारा एका बॅटरीतून दुसरीत शिरते. ३००० मिलिअँपिअर-तास क्षमतेची लिथियम बॅटरी सामान्यतः ३ अँपिअरने चार्ज करण्याचा प्रघात आहे. हा लोंढा त्याच्या सोळा पटींहून अधिक आहे. दोन घटांची आणि तीन घटांची लिथियम बॅटरी समांतर जोडल्यास लहान बॅटरीचे घट ४.२ व्होल्टची कमाल मर्यादा ओलांडून भरले जातात आणि आग लागण्याची शक्यता निर्माण होते.

पेन्सिल सेल आणि ई-रिक्षा

लहान मुलांच्या साध्या गाड्यांत बहुधा पेन्सिल सेल वापरले जातात आणि तेही एकसरच जोडलेले असतात. चारपैकी दोनच सेल बदलणे, अल्कलाइन आणि साधे कार्बन-झिंक सेल मिसळणे किंवा १.५ व्होल्टच्या सेलबरोबर १.२ व्होल्टचे पुन्हा चार्ज होणारे सेल बसवणे, या तिन्ही गोष्टींनी दुर्बळ सेल आधी रिकामा होऊन गळू लागतो. गळालेल्या द्रवाने खेळण्यातील पट्ट्या गंजतात. पुष्कळदा गाडी बिघडली असे वाटते, तेव्हा दोष या पट्ट्यांचा असतो.

हेच तत्त्व रस्त्यावरील ई-रिक्षालाही लागू पडते. अनेक ई-रिक्षांत १२ व्होल्टच्या चार शिसे-आम्ल बॅटऱ्या एकसर जोडून ४८ व्होल्ट मिळवले जातात. त्यांपैकी एकच नवी घातली, तर चार्ज होताना जुन्या बॅटऱ्या आधी भरून तापतात आणि चार्जर लवकर थांबल्यास नवी अपुरी भरते. काही महिन्यांत नवीचीही अवस्था जुन्यांसारखी होते. येथे प्रश्न खेळण्याचा नसून चालकाच्या रोजच्या कमाईचा असतो.

उन्हाळ्यातील विशेष दक्षता

दुर्ग-भिलाई परिसरात तसेच विदर्भात मे महिन्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. बॅटरीचे आयुष्य उष्णतेने घटते. गाडी चालवताना निर्माण होणाऱ्या उष्णतेत बाहेरच्या उष्णतेची भर पडल्यास अधिक रोध असलेली बॅटरी जोडीदारापेक्षा लवकर तापते. खेळ संपताच दोन्ही बॅटऱ्यांना सावधपणे हात लावून पाहावा. एक कोमट आणि दुसरी चटका देणारी असेल, तर ती जोडी विजोड झाली आहे, असे समजावे.

पुढील गोष्टी पाळल्यास अपघात टळू शकतात :

- दोन बॅटऱ्या एकाच वेळी, एकाच प्रकारच्या व क्षमतेच्या घ्याव्यात. त्यांवर खरेदीची तारीख व जोडीचा क्रमांक लिहावा आणि त्या नेहमी एकत्रच वापराव्यात.
- जोडण्यापूर्वी साध्या मल्टिमीटरने दोहोंचे विभवांतर तपासावे.
- प्रत्येक बॅटरी स्वतंत्रपणे आणि तिच्या प्रकारासाठी असलेल्या चार्जरनेच चार्ज करावी. लिथियम बॅटरीसाठी प्रत्येक घट समान पातळीवर आणणारा चार्जर आवश्यक आहे.
- चार्ज करताना घराबाहेर जाऊ नये. बॅटरी गादी, सतरंजी अथवा लाकडी फळीवर न ठेवता फरशीवर ठेवावी.
- गरम झालेली बॅटरी थंड झाल्याशिवाय चार्ज करू नये.
- अनेक दिवस वापर नसेल, तर लिथियम बॅटरी प्रत्येक घटाला सुमारे ३.८ व्होल्ट या पातळीवर थंड जागी ठेवावी.

उरलेल्या बॅटरीचे काय?

जोडीतील एक बॅटरी बिघडली, म्हणून दुसरी टाकून देण्याचे कारण नाही. एकाच बॅटरीवर चालणाऱ्या, तेवढ्याच विभवांतराच्या गाडीत ती एकटी सुखाने काम देते. नव्या बॅटरीशी तिची सांगड घालणे मात्र टाळावे.

फुगलेली लिथियम बॅटरी पुन्हा चार्ज करू नये, टोचू नये किंवा दाबून सपाट करण्याचा प्रयत्न करू नये. निकामी बॅटऱ्या घरातील कचऱ्यात टाकणेही अयोग्य आहे. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्प्रक्रियेची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ग्राहकानेही त्या अन्य कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून संकलनासाठी सोपवणे अपेक्षित आहे.