हेळसांड कुणी केली? रत्नागिरीच्या राजकन्येची गोष्ट

रत्नागिरीच्या इतिहासात १८८६ साल दोन कारणांनी लक्षात राहतं. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी त्या वर्षी इथे आणून ठेवलं, आणि इथलं मनोरुग्णालयही त्याच वर्षी सुरू झालं. आपला आजचा प्रश्न या दोन वास्तूंच्या मधला आहे. माणूस स्वतःकडे पाहीनासा होतो, तेव्हा ते ओळखायचं कसं?

थिबा १९१६ मध्ये इथेच वारला. १९१९ मध्ये कुटुंब ब्रह्मदेशी परतलं. थोरली राजकन्या मात्र पुढे पुन्हा रत्नागिरीला आली. राजाच्या पदरचे गोपाळ सावंत यांच्यापासून तिला मुलगी झाली होती. सावंत आधीच विवाहित होते. ती हलाखीत राहिली आणि १९४७ मध्ये वारली. पाचव्या वर्षापासून नजरकैदेत वाढलेली ही बाई. तिला स्वतःचं भान नव्हतं, असं म्हणून मोकळं होता येतं. पण जिचा बाहेरच्या व्यवहाराशी फारसा संबंधच येऊ दिला नाही, तिची हेळसांड आधी कुणी केली, हे आपण विचारायला नको का?

१९७५ मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये अशा ३० वृद्धांचा अभ्यास मांडला आणि या अवस्थेला डायोजेनिसचं नाव दिलं. निम्म्या जणांत मानसिक आजार आढळलाच नाही. म्हणजे 'वेड लागलंय' म्हणून विषय संपत नाही. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना ते नाव मात्र खटकतं. डायोजेनिसनं पाणी प्यायचं भांडंही टाकलं म्हणतात. तो त्याग होता, समजून-उमजून केलेला. दार लावून बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचं तसं नसतं.

आपल्या कोकणात मुलं मुंबईला आणि घरात एकटं माणूस, हे काही नवीन नाही. खुणा बारीक असतात: अंगावर रोज तेच कपडे, वाढलेली नखं, न फोडलेली गोळ्यांची पाकिटं, नासलेलं अन्न, 'मला कुणाची गरज नाही' हे पालुपद. एकट्या खुणेवरून काही ठरत नाही. ते माणूस आधी कसं होतं, याच्याशी ताडून पाहायचं. रोज अंगण झाडणाऱ्याच्या दारात पाचोळा साचला, की चौकशी करायची. कारण नैराश्य असेल, स्मृतिभ्रंश असेल, मोतीबिंदू असेल, किंवा नुसते पैसे संपले असतील.

म्हणून आधी बोल लावू नये. 'जेवलात का?' असं विचारावं, आणि उत्तर ऐकायला थांबावं.