पाण्याचा सांठा आणि पाण्याचा जोर

आग लागली म्हणजे माणसाच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो पाण्याचा. विहिरीकडे धांव घेतली जाते, घागरी, हंडे, बादल्या हातोहात पुढें सरकतात, आणि पुष्कळदां असें दिसतें कीं, पाणी भरपूर असूनहि घर वांचत नाहीं. अशा वेळीं लोक दैवाला बोल लावतात; परंतु दैवाच्या आधीं एका साध्या सृष्टिनियमाची चौकशी करणें अगत्याचें असतें. गांवांत पाणी किती आहे हा एक प्रश्न. आणि तें पाणी पाहिजे त्या जागीं, पाहिजे त्या बळानें जाऊन पडेल कीं नाहीं, हा अगदीं निराळा प्रश्न. पहिल्याला सांठा म्हणावें, दुसऱ्याला जोर. सांठ्याचा हिशोब आपण पिढ्यान्‌पिढ्या ठेवीत आलों. जोराचा हिशोब मात्र उशिरां शिकलों, आणि अजूनहि तो आपल्या पुरता अंगवळणीं पडलेला नाहीं. खानदेशांत हा धडा ज्या क्रमानें गिरविला गेला तो क्रम पाहण्यासारखा आहे.

खानदेश म्हणजे तापी, गिरणा आणि पांझरा यांचा मुलूख. १९०६ सालीं त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले; पुढें त्यांनाच जळगांव व धुळें हीं नांवें मिळालीं, आणि १९९८ सालीं धुळ्यांतून नंदुरबार वेगळा निघाला. पांझरेच्या कांठीं, तसेंच शेजारच्या बागलाणांत मोसम व आरम यांच्या कांठीं, फडाची पद्धति कित्येक शतकें चालत आली. नदीला दगडी बंधारा घालावयाचा, त्याच्या बगलेनें पाट काढावयाचा, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडून एकेका फडांत एकेकच पीक घ्यावयाचें, आणि पाटकऱ्यानें ठरल्या पाळीनें प्रत्येकाला पाणी द्यावयाचें, अशी ही व्यवस्था. न्यायाच्या दृष्टीनें तिची थोरवी मोठी आहे. परंतु आपल्या विषयापुरती लक्षांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, या व्यवस्थेंत पाण्याला कोणी कोंडून दाबीत नाहीं. जमिनीचा उतार हीच त्याची प्रेरणा. पाट उघडा, पाणी उघडें, आणि जेथें उतार संपला तेथें पाण्याची धांवहि संपली. ज्या लोकांनीं पाण्याला इतकें शिस्तींत वागविलें, त्यांना पाण्याला वर चढविण्याची मात्र एकच रीत ठाऊक होती. ती म्हणजे मोट आणि बैलांची जोडी.

पाणी आपल्याच बळानें वर चढूं शकतें, हें तत्त्व युरोपांत सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितीनें १५८६ सालीं मांडलें. त्याचा सारांश असा कीं, पाण्याचा तळाशीं होणारा दाब पाण्याच्या एकंदर वजनावर अवलंबून नसून केवळ त्याच्या उंचीवर अवलंबून असतो. दहा मीटर उंचीचें पाणी अंगठ्याएवढ्या नळींत असो वा तलावाएवढ्या हौदांत असो, तळाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर त्याचा दाब सुमारें एक किलोग्रामच पडतो. प्रथम ऐकतांना हें खोटें वाटतें, इतकें तें आपल्या नेहमींच्या समजुतीच्या विरुद्ध आहे. विस्तीर्ण तळें गांवाच्या पातळीलाच असेल तर त्याला जोर नाहीं. टेकडीवरचें लहानसें टांकें मात्र गांवांतल्या दुमजली घराच्या छपरापर्यंत पाणी चढवूं शकतें.

हा नियम खानदेशच्या भूमींत प्रत्यक्ष राबविण्याचा एक प्रसंग प्रसिद्ध आहे. मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयांतून स्थापत्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन १८८४ सालीं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत रुजू झाले, आणि नोकरीच्या अगदीं आरंभीं त्यांच्याकडे धुळें भागांतलें एक काम आलें. पांझरेच्या एका प्रवाहाखालून नळांचा सायफन न्यावयाचा होता. पावसाळ्यानें अडचण केली, पुरानें गाळ आणला. काम पुढें ढकलावें असें या तरुण अभियंत्याला वाटलें, पण वरिष्ठांना तें रुचलें नाहीं, आणि अखेर तें त्यांनीं पुरें केलें. काम लहान, परंतु त्याचा अर्थ मोठा. एका कांठावरचें पाणी नळांतून प्रवाहाच्या तळाखालीं उतरतें आणि पलीकडच्या कांठावर, कोणी न ओढतां, जवळजवळ मूळच्या उंचीइतकें वर येतें. ‘जवळजवळ’ हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. कारण वाटेंत नळाच्या अंगाशीं घासून पाण्याचा कांहीं जोर खर्ची पडतो. शिवाय नळ जेथें सर्वांत खोल, तेथेंच दाब सर्वांत अधिक. म्हणून सांधा पक्का हवा तो तेथेंच. पुढें आगीच्या बंबाच्या बाबतींत ज्या दोन गोष्टी आपल्याला भेटणार आहेत, त्या दोन्ही या एका सायफनांत आहेत.

दरम्यान खानदेशांत पाण्याच्या दाबाचें दुसरें एक रूप येऊन पोंचलें होतें. १८६१ ते १८६५ या काळांतील अमेरिकेच्या यादवी युद्धानें इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि आपल्या काळ्या जमिनींतल्या बोंडाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकांत लोहमार्ग खानदेशांत आला. जळगांव हें कापसाचें मोठें पेठेचें गांव झालें; सरकी काढण्याचे जिन, गांठी बांधण्याचे प्रेस आणि पुढें कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. मुंबईच्या बाजारांत ७८४ पौंडांची खंडी आणि ३९२ पौंडांची गांठ हीं मापें चालत. मऊ, फुगीर रुईची दगडासारखी गांठ बांधावयाची म्हणजे प्रचंड दाब पाहिजे. आणि तो देण्याची एक उत्तम रीत जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिरानें १७९५ सालीं पेटंट केलेल्या जलदाबाच्या यंत्रांत होती. कोंडलेल्या पाण्यावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोंचतो, हें फ्रेंच पंडित पास्कल यानें दाखविलेलें तत्त्व हाच त्याचा पाया. लहान दट्ट्यावर एक माणूस जोर करतो. शंभरपट क्षेत्रफळाच्या तोंडाचा मोठा दट्ट्या शंभर माणसांच्या जोरानें उचलला जातो.

या यंत्रयुगानें संपत्ति आणली तशी नवी आगहि आणली. जिनमध्यें खडा किंवा लोखंडाचा तुकडा शिरून ठिणगी पडली, तर उडत्या रुईला पेटावयास क्षणहि लागत नाहीं. कडब्याची गंजी पेटली तर ज्वाळा दिसते. कापसाच्या गांठीची आग आंत शिरून बसते. वरून भिजविलेली गांठ विझली असें वाटतें आणि दुसऱ्या दिवशीं तिच्या पोटांतून पुनः धूर निघतो. अशा आगीला घागर पुरत नाहीं. तेथें पाणी दुरून, नेमकें आणि वेगानें मारावें लागतें. म्हणजेच तेथें बंब लागतो.

‘बंब’ हा शब्दहि प्रवासी आहे. पोर्तुगीज भाषेंतील पंपवाचक ‘बोंबा’ हा त्याचा पूर्वज. घरांतल्या पाणी तापविण्याच्या भांड्यालाहि आपण तेंच नांव दिलें, ही भाषेची गंमत. यंत्र म्हणून मात्र बंब फार जुना. अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसनें ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत दट्ट्याचा पंप रचिला; ॲम्स्टरडॅमच्या यान व्हान् डर हेडन यानें १६७२ च्या सुमारास बंबाला चामड्याची लवचिक नळी जोडली; आणि लंडनच्या रिचर्ड न्यूशम यानें अठराव्या शतकाच्या पहिल्या चरणांत हवेच्या कोठीचे बंब विकले, त्यामुळें दट्ट्या थांबत थांबत चालला तरी झोत मात्र अखंड पडूं लागला. या सर्वांचा हेतु एकच: उंची नसेल तेथें यंत्रानें उंची निर्माण करावयाची. बंबाचा पंप पाण्याला पांच किलोग्रामांचा दाब देतो, याचा अर्थ तो त्या पाण्याला पन्नास मीटरांच्या अदृश्य टेकडीवर नेऊन ठेवतो.

आतां या टेकडीचा हिशोब करून पाहूं. नळीच्या टोंकाला वीस मिलिमीटर तोंडाची पितळी तोटी आहे आणि तेथें पांच किलोग्रामांचा दाब आहे, असें धरा. पाणी सेकंदाला सुमारें एकतीस मीटर वेगानें बाहेर पडतें आणि मिनिटाला जवळजवळ सहाशें लिटर खर्च होतें. साडेचार हजार लिटरांची टांकी घेऊन आलेला बंब या हिशोबानें साडेसात मिनिटांत रिता होतो. बंब आला, पाणी मारलें, आणि निघून गेला, अशी तक्रार जे करतात त्यांनीं हा गुणाकार एकदां करून पाहावा. दुसरें असें कीं, हा झोत पुढें जातो तितक्याच निश्चयानें तोटीला मागें रेटतो. वरील उदाहरणांत तो रेटा सुमारें एकतीस किलोग्रामांचा भरतो, आणि दाब वाढवावा तसा तोहि वाढतो. म्हणून तोटीवर दोघे लागतात. आणि म्हणूनच ती एकदम बंद करूं नये, कारण वेगानें येणारें पाणी अडलें कीं त्याचा धक्का नळीभर मागें जातो आणि दुबळी नळी फुटते.

सायफनांतला तो ‘जवळजवळ’ येथें पुनः भेटतो. पंपापाशीं असलेला दाब तोटीपर्यंत पुरता पोंचत नाहीं. नळी जितकी लांब तितकी तूट अधिक. त्याच नळींतून दुप्पट पाणी नेऊं गेलें तर तूट चौपट. आणि तितकेंच पाणी निम्म्या व्यासाच्या नळींतून नेऊं गेलें तर तूट सुमारें बत्तीसपट. हा हिशोब आज खानदेशच्या शेतकऱ्याला परका नाहीं. गेल्या शतकाच्या अखेरीपासून जळगांव हें ठिबक सिंचनाच्या साहित्याचें देशांतलें एक प्रमुख केंद्र झालें आहे, आणि रावेर-यावलच्या केळीच्या बागाइतदाराला हें पक्कें ठाऊक असतें कीं, नळी गरजेपेक्षां लांब टाकली तर शेवटचें झाड उपाशी राहतें. आगीच्या वेळीं शेवटचें झाड म्हणजे पेटलेलें घर. जो हिशोब केळीसाठीं होतो, तो वस्तीसाठीं कां होऊं नये?

याहून घातक गैरसमज विहिरीविषयीं आहे. पंप पाणी ओढतो असें आपण म्हणतों. खरें म्हणजे तो नळींतली हवा काढून घेतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. टॉरिचेलीनें १६४३ सालीं पाऱ्याच्या नळीनें हवेचा हा भार मोजून दाखविला. समुद्रसपाटीला तो दहा मीटरांहून थोडें अधिक पाणी तोलतो. व्यवहारांत सात-आठ मीटरांपलीकडे भरंवसा धरतां येत नाहीं. आतां खानदेशांतली चैत्र-वैशाखांतली विहीर आठवा. पुष्कळ गांवीं पाणी याहून कितीतरी खोल गेलेलें असतें; तापीच्या उत्तरेच्या केळीच्या पट्ट्यांत तर फारच खोल. विहिरीच्या कांठावर उभा राहिलेला बंब, यंत्र कितीहि बळकट असलें, तरी त्या पाण्याचा एक थेंब वर आणूं शकत नाहीं. पाणी डोळ्यांना दिसत असतें आणि बंबाच्या लेखीं तें नसतें.

सांठा आणि जोर यांतला भेद सर्वांत भयंकर रीतीनें मुंबईनें पाहिला. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकाइन’ या जहाजाला आग लागली. त्याच्या पोटांत कापसाच्या गांठी होत्या आणि सुमारें चौदाशें टन स्फोटक द्रव्य होतें. बंबवाल्यांनीं जहाजांत नऊशेंहून अधिक टन पाणी ओतलें. पाणी तापून उकळूं लागलें, परंतु आगीचें मूळ सांपडेना. चार वाजून गेल्यावर जहाज फुटलें. त्या दिवशीं अग्निशामक दलाचे सहासष्ट जवान कामीं आले, आणि १४ एप्रिल हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ आज देशभर पाळला जातो. तेथें पाणी कमी नव्हतें, दाब कमी नव्हता, धैर्य तर मुळींच कमी नव्हतें. पण पाणी आगीपर्यंत पोंचलें नाहीं. जोर म्हणजे केवळ दाब नव्हे. नेमक्या जागीं पोंचणें हाहि जोराचाच भाग होय, हें त्या दिवसानें शिकविलें.

यांतून गांवांनीं काय घ्यावें? वीस मीटर उंच टांकी बांधली म्हणजे तिच्या पायथ्याशीं दोन किलोग्रामांचा दाब मिळतो. घरच्या तोटीला तो पुष्कळ झाला, परंतु आगीवर लांब झोत फेंकावयास पुरत नाहीं. तरीहि त्या टांकीला बंब भरण्याजोगी रुंद तोटी ठेवली, खोल विहिरीच्या कांठीं बंब पोंचेल असा भरलेला हौद ठेवला, आणि जिनच्या आवारांत गांठींच्या थप्प्यांमधून नळी शिरेल अशी वाट सोडली, तर सांठ्याचें जोरांत रूपांतर होण्याची सोय होते. यांत मोठा खर्च नाहीं. जें लागतें तें आधीं केलेलें गणित.

फडाच्या पाटकऱ्याला प्रत्येक शेताची पाळी तोंडपाठ असे. म्हणून दुष्काळांतहि पाण्यासाठीं फडावर कलह कमी होत. तसाच एक पाटकरी प्रत्येक गांवाला आगीसाठीं हवा आहे: गांवांत किती पाणी आहे एवढेंच सांगणारा नव्हे, तर तें किती उंचीवर आहे, किती खोलावर आहे, आणि शेवटच्या घरापर्यंत त्याचा किती जोर उरेल, हें आग लागण्याच्या आधीं मोजून ठेवणारा.